दशांशबाईंचे तीन अंक

मी एक जुने, हाताने मूठ फिरवून चालवायचे आकडेमोडीचे यंत्र आहे. सध्या माझा मुक्काम कोठारातल्या खालच्या फळीवर, फुटक्या पंख्याच्या शेजारी आहे. मित्रांनो, फार लांबलचक सांगण्याचे त्राण माझ्यात उरलेले नाही; पण जे घडले ते एकदा सांगून टाकावे म्हणते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळी चाके, पोलादी खटके आणि बाजूला एक मूठ, असे माझे अंग. दोन हातांनी उचलावे इतके जड. तपासनिसाने माझ्यावर हजार भागाकार करून पाहिले आणि एकही चुकला नाही, तेव्हाच माझ्या पोटाखाली शिक्का बसला.

तिथून मी व्यापाराची आकडेवारी ठेवणाऱ्या कचेरीत आले. दुसरा मजला, खिडकीजवळचे टेबल. माझ्यावर काम करणाऱ्या बाईंना सगळे दशांशबाई म्हणत, कारण तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत उत्तर आल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "बाई, दोन स्थळं पुरेत की!" असे कुणी म्हटले, की त्या म्हणत, "तुमच्या पगारात पुरतील का?" आणि मूठ फिरवत राहत.

आमचे मोठे काम वर्षातून एकदा यायचे. आपला देश बाहेर जो माल विकतो, त्यात शंभरातला कापसाचा वाटा किती, हे काढायचे. मग साऱ्या जगाच्या विक्रीत कापसाचा वाटा किती, ते काढायचे. पहिल्याला दुसऱ्याने भागायचे. उत्तर एकाच्या वर आले तर कापसाच्या व्यापारात आपण जगापेक्षा सरस, खाली आले तर मागे. ऐकायला सोपे वाटते. पण त्यासाठी बंदरांवरून आलेले कागदांचे गठ्ठे महिनाभर माझ्यातून जात. बाईंच्या उजव्या तळव्याला घट्टा पडला होता.

दरवर्षी उत्तर तीनच्या आसपास यायचे. साहेब खूश व्हायचे. एकदा तर वर्तमानपत्रात माझा फोटो आला. साहेब पुढे, मी मध्ये, आणि बाईंचा फक्त हात.

अशाच एका वर्षी उत्तर आले दोन पूर्णांक नऊ दशांश. त्या वर्षी त्या अंकावर बरेच काही अवलंबून होते. कापड गिरण्यांनी नव्या मागांसाठी सरकारकडे मदत मागितली होती, आणि ती द्यायची की नाही, हे आमचा अहवाल पाहून ठरणार होते.

त्याच आठवड्यात बाईंचे थोरले भाऊ घराची किल्ली द्यायला कचेरीत आले. ते गिरणीत माग चालवायचे. टेबलावरचा कागद पाहून त्यांनी विचारले, "हे काय गं?"

"आपण कापसात जगाच्या तिप्पट सरस आहोत, दादा."

"अस्सं? मग आमच्या खात्यातले निम्मे माग बंद का आहेत?" ते हसले, पण ते हसू काही खरे नव्हते. "कसला कापूस मोजतेस तू? गाठी, सूत की कापड?"

"सगळं मिळून."

"मग आम्ही त्यात कुठं असतो?"

भाऊ गेले. मग बाईंनी कपाटातून दहा वर्षांचे कागद काढले आणि कच्चा कापूस, सूत आणि कापड यांचे वेगवेगळे भागाकार सुरू केले. पाच दिवस मी थांबले नाही. माझी चाके गरम झाली. शेवटी तीन अंक निघाले. कच्चा कापूस सहाच्या वर. सूत दोन. आणि कापड शून्य पूर्णांक सात दशांश. दहा वर्षांपूर्वी तेच कापड दोनाच्या जवळ होते. कापड दरवर्षी घसरत होते, कच्च्या कापसाच्या गाठी दरवर्षी वाढत होत्या, आणि सगळे एकत्र केल्यावर येणारा अंक मात्र जागचा हलत नव्हता.

बाई कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. त्यांची खोली म्हणजे आमच्याच दालनातला लाकडी आडोसा, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"बाई, वरून कापसाचं विचारलंय, आपण कापसाचं सांगितलं. यात खोटं काय आहे?"

"खोटं काहीच नाही, साहेब. तेच तर वाईट आहे."

साहेब वाईट गृहस्थ नव्हते. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि त्यांना वादावादी नको होती, एवढेच. "असं करू," ते म्हणाले, "तुमचा तक्ता शेवटी परिशिष्टात टाकू."

परिशिष्ट म्हणजे पुस्तकाचा माळा. तिथे चढून कोण बघतो? गिरण्यांना उत्तर गेले, की देश कापसाच्या व्यापारात सरस असल्याने मदतीची गरज दिसत नाही. दोन वर्षांत थोरल्या भावांचे गिरणीतले खाते बंद पडले.

त्यानंतर ते एकदा आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर ओझ्याखाली घ्यायची कापडाची चुंबळ होती. बंदराच्या गोदामात कच्च्या कापसाच्या गाठी वाहायचे काम मिळाले होते त्यांना. वयाच्या पन्नाशीत. बाईंनी ते तिन्ही अंक त्यांना घरी कधीच सांगितले होते. ते म्हणाले, "अगं, तोंड कशाला पाडतेस? तुझा तो सहाचा अंक आता मीच पाठीवरून नेतो. वजनदार आहे हो!"

बाई हसल्या आणि मग पदराने माझ्या खटक्यांवरची नसलेली धूळ पुसत राहिल्या.

पुढे नव्या साहेबांनी ते परिशिष्ट वाचले. तेव्हापासून तिन्ही अंक पहिल्याच पानावर वेगवेगळे छापतात. पण तोवर कापड शून्य पूर्णांक तीन दशांशावर आले होते, आणि गिरणीचे माग भंगारात गेले होते. तक्त्याखाली बाईंचे नाव नाही. त्यांनी ते मागितलेही नाही.

मग विजेवर चालणारी यंत्रे आली. मला आधी कपाटावर ठेवले, मग जिन्याखाली, मग इथे. बाई निवृत्त झाल्या. माझी मूठ गंजून घट्ट बसली आहे. कुणी तेलाचे दोन थेंब सोडले तर ती फिरेलही. पण आता मलाच फारशी हौस उरलेली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून जास्त कळकळीने एक सांगते. तुमच्या हाती कुणी एखादा ठसठशीत अंक दिला, तर त्यात काय काय एकत्र कालवले आहे, ते विचारा. आणि वेळेवर विचारा. मी आयुष्यात एकही भागाकार चुकले नाही. तरी एक माणूस मागावरून उठून ओझ्याखाली गेला. मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.