पंपाचं खोकं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एकोणीस वर्षं जुनी राखाडी गाडी हॉस्पिटलच्या फाटकात आडवी अडकली. चालवणारे गृहस्थ बहात्तर वर्षांचे. शेजारी त्यांची बायको, मांडीवर तपासण्यांची फाइल. समोर रुग्णवाहिका, मागे तीन गाड्या. कुणाला इजा झाली नाही.

गृहस्थांना सगळे मास्तर म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी मोटार ट्रेनिंग स्कूल चालवलं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवायचं नाही, गाडी जरा हलू द्यायची आणि मग वळवायचं, हा त्यांचा पहिला धडा. जो विसरेल त्याच्या मनगटावर लाकडी पट्टी बसे. फाटकात मात्र हलायला हातभर जागा नव्हती. मास्तर दोन्ही हातांनी उभ्या गाडीचं स्टिअरिंग ओढत होते आणि ते जागचं हलत नव्हतं. त्यांचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला होता. तेव्हापासून तो हात कानाच्या वर जात नाही.

"अहो, राहू द्या. कुणाला तरी बोलवू."

"गप्प बस."

शेवटी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं येऊन दार उघडलं. "सरका आजोबा."

मास्तर सरकले नाहीत, उतरले. ड्रायव्हरनं दात-ओठ खात गाडी सरळ केली आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "गाडी आहे की रोडरोलर? या वयात कशाला जिवाशी खेळ?"

मागच्या गाडीत कुणीतरी हसलं.

याची सुरुवात आदल्या आठवड्यात झाली. पॉवर स्टिअरिंगच्या पंपातून तेल गळत होतं आणि गाडी गॅरेजात होती. गुरुवारी सकाळी साडेआठला मास्तरांच्या मुलानं ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मेकॅनिकला फोन केला.

"पंप आलाय?"

"काल संध्याकाळीच आला. आज बसवतो."

"नका बसवू. बाबांना सांगा, मिळत नाही."

"अहो, पण—"

"दादा, त्यांच्या खांद्याची अवस्था तुम्हालाही माहीत आहे. मागच्या महिन्यात घराच्या खांबाला घासली गाडी. आईला मंगळवार-शुक्रवार हॉस्पिटलात न्यायला मी टॅक्सी ठरवतो म्हटलं, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पार्टच नाही म्हटल्यावर विकून टाकू, असं स्वतःच म्हणतील."

मेकॅनिकला हे पटलं नाही. पण त्याचेही वडील म्हातारे होते, आणि तो हो म्हणाला.

मास्तर अकराला गॅरेजात आले. मेकॅनिक त्यांचाच विद्यार्थी. सतराव्या वर्षी काडीसारखा होता म्हणून त्यांनी त्याचं नाव बारक्या ठेवलं. आता तो शंभर किलोंचा आहे, नाव तेच आहे.

"काय बारक्या, जगेल का पेशंट?"

"पंप गेलाय मास्तर. नवा मिळत नाही. या मॉडेलचं सामान बंद झालंय." बोलताना तो आधीच स्वच्छ असलेला पाना पुसत होता.

"मग जुनाच दुरुस्त कर."

"करीन, पण आतून घासलाय. महिन्याभरात परत गळेल."

हे तेवढं खरं होतं.

"आणि काढूनच टाकला तर?"

मेकॅनिकचा हात थांबला. मुलानं पढवलेलं इथवरच होतं. "नको मास्तर. फार जड जाईल."

"अकरा वर्षं ट्रक चालवलाय मी. तेव्हा पॉवर दंडात असायची. तू शिकलास त्या डब्याला होती का पॉवर?"

"तो डबा बिनपॉवरचाच बनवलेला होता. ट्रकचं स्टिअरिंग परातीएवढं, चार वेढे जास्त घ्या पण हलकं फिरतं. ही गाडी पॉवरच्या भरवशावर बांधलीय. पंप काढला की उभी असताना दगड होते."

"उभी असताना वळवायचंच नाही. हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही."

"मग काढ."

मेकॅनिक मागच्या अंगणात गेला आणि मुलाला फोन लावला. मुलगा पुन्हा ऑफिसच्या जिन्यात आला. मग म्हणाला, "काढा. दोन दिवस हात भरून आले की आपोआप किल्ली ठेवतील."

दुपारी पट्टा उतरला, पंप निघाला, नळ्या एकमेकींना जोडून बंद झाल्या. शुक्रवारची खेप निभावली, कारण फाटक मोकळं होतं.

मंगळवारी फाटकातल्या प्रकारानंतर बायकोला घरी सोडून मास्तर साडेबाराला गॅरेजात पोचले. मेकॅनिक जेवायला गेला होता. मास्तर स्टुलावर बसून खांदा चोळत राहिले. समोरच्या फळीवर, हवेच्या फिल्टरांच्या मागे, एक न फोडलेलं खोकं होतं. त्यावर खडूनं गाडीचा नंबर, खाली 'मास्तर', आणि बुधवारची तारीख. आलेल्या प्रत्येक वस्तूवर नंबर आणि तारीख घालायची, ही शिस्तही मास्तरांच्या स्कूलमधलीच. खोटं बोलायचं ठरलं तेव्हा खडू पुसायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मेकॅनिक आला तेव्हा खोकं मास्तरांच्या मांडीवर होतं.

"मास्तर..."

"कुणी सांगितलं होतं?"

मेकॅनिकची नजर खिशातल्या फोनकडे गेली. मुलाचं नाव घ्यावं लागलं नाही.

"अक्षर अजून तसंच गचाळ आहे तुझं."

"आत्ता बसवतो. संध्याकाळी घरी आणून देतो गाडी."

"नको." मास्तर उठले. खोकं परत ठेवायला उजवा हात वर जाईना, म्हणून त्यांनी ते डाव्या हातानं फळीवर ढकललं. "त्यानं विचारलं तर सांग, अजून मिळत नाही."

रात्री जेवताना मुलानं विचारलं, "बाबा, गाडी कशी चालतेय?"

"लोण्यासारखी."

"आणि खांदा?"

"कुणाचा?"

बायकोनं दोघांना वाढलं. फाटकाबद्दल ती काही बोलली नाही.

बुधवारी मेकॅनिकनं मुलाला दोनदा फोन केला. मुलगा मीटिंगमध्ये होता. गुरुवारी मुलानं फोन केला, पण पंपाविषयी विचारलं नाही, मेकॅनिकनंही विषय काढला नाही. हॉस्पिटलची पुढची वेळ शुक्रवारी दहाची होती. मुलानं टॅक्सी सांगून ठेवली होती. ती नऊ वीसला दारात आली. राखाडी गाडी जागेवर नव्हती, खुंटीवर किल्ली नव्हती, टेबलावर फाइल नव्हती. गॅरेजात खोकं अजून फळीवरच होतं.