बाप बाहेर आहे

माहीमच्या कोळीवाड्यामागे खाडीकडे तोंड करून एक कौलारू बैठं घर होतं. दारावर 'दर्यावर्दी बालगृह' अशी पाटी होती, पण ती वाचायची तसदी कोणी घेत नसे. पोस्टमनपासून पाववाल्यापर्यंत सगळे त्याला खलाश्यांचं घर म्हणत. त्यात एकही खलाशी राहत नव्हता. राहत होती ती त्यांची पोरं.

घर बांधलं हरेश्वर नाखव्याने. पाच बोटींचा मालक, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. एका वर्षी वादळात त्याच्या दोन बोटी गेल्या त्या गेल्याच. त्यांवरच्या, बोट चालवणाऱ्या तांडेलांची आणि खलाश्यांची पोरं सकाळ-संध्याकाळ नाखव्याच्या अंगणात येऊन बसू लागली. नाखव्याने दोन दिवस जेवू घातलं, चार दिवस घातलं, मग त्याच्या लक्षात आलं की ही काही उठून जाणार नाहीत. धर्मादाय वगैरे शब्द त्याला ठाऊकच नव्हते. पोरं पाय पसरून बसलीत तर वर छप्पर घालावं, एवढाच त्याचा हिशेब. अक्षयतृतीयेला त्याने घर उघडलं. पुढे गलबतांवरच्या, गोदीतून परदेशी बोटींवर गेलेल्या खलाश्यांचीही पोरं येऊ लागली. नाखवा गेल्यावर ट्रस्ट झाला, पाटी लागली, वर्षाकाठी एक सभा भरू लागली.

नियम मात्र नाखव्याचाच राहिला. पोर घरात घ्यायचं तर त्याच्या बापाच्या बोटीवरल्या कोणीतरी यायचं, खाडीकडे तोंड करून नारळावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, ''ह्या पोराचा बाप आमच्या बोटीचा. बाप बाहेर आहे. घरात बघणारं कोणी नाही.'' बस. बाप मेला असं कोणी म्हणायचं नाही आणि कोणी विचारायचंही नाही. कोळ्यांत दर्यावर गेलेला माणूस परत आला नाही म्हणून लगेच मेला होत नाही. तो बाहेर असतो. त्याची बायको वर्षानुवर्षं म्हणत राहते, येईल, आज ना उद्या.

गुणवंती चार वर्षांची असताना असाच नारळ ठेवून ह्या घरात आली होती. लग्न करून ती वेसाव्याला गेली, नवऱ्याचं आणि तिचं एक दिवसही पटलं नाही, दोन वर्षांत परत आली आणि ह्या घराच्या चुलीपाशी जी बसली ती पन्नाशी उलटली तरी उठली नाही. आता सगळं घर तिच्या जिवावर चाले. पोरं तिला मावशी म्हणत आणि तिच्या पळीला टरकून असत.

पण पोरंच आटली होती. बोटींना इंजिनं आली, रेडिओवर हवामान सांगू लागले, मोठ्या कंपन्या खलाश्याच्या बायकोला पैसे देऊ लागल्या. माणसं बुडत नाहीत ही चांगलीच गोष्ट, गुणवंतीलाही ते कळत होतं. पण ब्याऐंशी साल उजाडलं तेव्हा घरात उरली होती चार मुलं. ट्रस्टने सांगून टाकलं होतं, अक्षयतृतीयेच्या सभेला दहा मुलं दिसली नाहीत तर घर बंद. चौघांना चार वेगवेगळ्या आश्रमांत पाठवायचं. ही चौघं म्हणजे एकमेकांची भावंडंच झाली होती. धाकटा तर थोरल्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे.

त्याच साली जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. तीन महिने झाले, भोंगे मुकेच. रघू तांडेलाची बायको दमयंती रोज लालबागच्या चाळींत मासळी विकायला जाई. एका दुपारी ती रिकामी पाटी घेऊन गुणवंतीच्या ओट्यावर टेकली.

''पाटी रिकामी हाय म्हून धंदा झाला समजू नको,'' ती म्हणाली. ''मांदेली वाटून आलंय मी. काय करू? तो लवू हाय ना, साच्यावरचा, त्याची बायको मागल्या साली गेली. गावाला कोण नाय. हा दिवसभर काम हुडकत फिरतो आन् आठ वर्साची शांता भात रांधते. परवा हात भाजून घेतलान. अशी सहा पोरं हायत त्या चाळीत. ज्यांना गाव होतं ती गेली गावाला, ही राहिली.''

गुणवंतीने तांदूळ निवडणं थांबवलं. ''सहा?''

''सहा.''

''आणि माझी चार,'' गुणवंती म्हणाली, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

आता अडचण होती ती दमयंतीच्या नवऱ्याची. साक्ष द्यायला बोट हवी, आणि वाड्यात गुणवंतीचा शब्द मानणारा बोटवाला एकच, रघू तांडेल. सत्तरीचा, वाळल्या सुकटीसारखा चिवट आणि तितकाच खारट. सगळं ऐकून तो म्हणाला, ''गिरणीवाल्याला मी आमचे बोटीचा म्हनू? दर्यासमोर खोटं बोलायचं आन् दुसरे दिवशी त्याच्याकडंच मासली मागायची? नाय जमायचं.''

''मग खरं बोल ना,'' गुणवंती म्हणाली. ''घे त्यांना बोटीवर.''

रघूने पान थुंकलं, विचार केला, पुन्हा विचार केला. ह्यात खोट कुठे आहे ते त्याला सापडेना. सापडली ती एकच. बाप बोटीबरोबर बाहेर असायला हवा आणि साक्षीदार किनाऱ्यावर. तेव्हा ठरलं असं, की सभेच्या दिवशी रघूचा मुलगा उत्तम सहाही गिरणीवाल्यांना घेऊन बोट काढील, दिवेलागणीला परतेल, आणि रघू घरी राहून दुपारी नारळावर हात ठेवील. सगळं खरं, सगळं नियमात. गुणवंतीला इतका आनंद झाला की तिने रघूला दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

अक्षयतृतीयेला पहाटे सहा जण बोटीवर चढले. सगळे कोकणातले, पण डोंगरातले. पाणी पाहिलेलं ते विहिरीतलं. त्यातून पहिल्या पाळीला जाताना पोटभर खाऊन जायची सवय, म्हणून उसळपाव हाणून आलेले. तो उसळपाव खाडीच्या तोंडाशीच दर्याला अर्पण झाला. एकटा लवू तेवढा उभा राहिला. फुकट बसून राहायची त्याला लाज वाटत होती. कोपऱ्यात डोल पडली होती, म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. तो ते नीट करत बसला. वीस वर्षं साच्यावर, म्हणजे गिरणीच्या मागावर, काढलेला माणूस. कापडात गाठ दिसली की मुकादम ओरडायचा आणि माल बाद व्हायचा. जाळ्याच्या अगदी शेपटाला एक भलीमोठी गाठ दिसली. कोणीतरी निष्काळजीपणा केलाय असं वाटून त्याने नखं मोडेपर्यंत खटपट करून ती सोडवली, दोरी सरळ केली आणि समाधानाने हात पुसले.

ती गाठ मासळी आत राहावी म्हणून मारलेली असते. उत्तमने डोल टाकली, भरतीभर वाट पाहिली आणि ओढली, तर समोरच्या तोंडातून आलेली सगळी मासळी मागच्या तोंडाने निघून गेलेली. एक बोंबीलसुद्धा नाही. उत्तम डोक्याला हात लावून खाली बसला. मग त्याने बोट माघारी वळवली.

इकडे सभा भरली होती. हरेश्वर नाखव्याचे नातू नाना गिरगावातून आले होते. शिकलेले, नोकरीतून निवृत्त झालेले, स्वच्छ धोतर-टोपीतले शांत गृहस्थ. त्यांच्याबरोबर दोन ट्रस्टी होते, त्यांतला एक सारखा घड्याळ बघत होता. गुणवंतीने दहा मुलं केस विंचरून ओळीत उभी केली होती. रघू तांडेल नारळावर हात ठेवून एकेकाची साक्ष देत होता, आणि देताना त्याची छाती फुगत होती, कारण शब्द न् शब्द खरा होता. पाच झाली. सहावी शांता. हाताला भाजल्याची पट्टी.

''ह्या पोरीचा बाप आमचे बोटीचा,'' रघू म्हणाला. ''बाप बाहेर हाय...''

आणि बाप दारात उभा राहिला. नखशिखांत ओला, तोंड हिरवट, अंगाला त्याने न पकडलेल्या मासळीचा वास. रघूची माफी मागायला तो धावत आला होता.

''बाबा,'' शांता म्हणाली.

रघूने नारळावरचा हात चटका बसल्यासारखा काढला. ''बाहेर होता,'' तो घाईने म्हणाला. ''आताच आला. मी बोललो तवा बाहेरच होता.''

घड्याळवाले ट्रस्टी हसले. गुणवंतीला वाटलं, भुईने पोटात घ्यावं. तिने चौघा जुन्या मुलांकडे पाहिलं. धाकट्याने थोरल्याचा सदरा आधीच धरला होता.

नाना हसले नाहीत. ''तुम्ही बोटीवर असता का?'' त्यांनी लवूला विचारलं.

होय म्हणायला काही हरकत नव्हती. गुणवंती डोळ्यांनी त्याला तेच सांगत होती. पण लवूचं सकाळपासून सगळंच चुकत होतं, त्यात खोट्याची भर घालायचं त्याच्यात त्राण नव्हतं.

''नाय,'' तो म्हणाला. ''मी साच्यावरचो. आज पयल्यांदा बोटीर चढलंय आणि तांडेलाचा नुकसान केलंय. ह्या माझा चेडू. घराक बघूक कोण नाय, म्हणान मावशीन घरात घेतल्यान. मावशीचो दोष नाय.''

''गिरणी कधी उघडणार तुमची?''

''उघडतली,'' लवू म्हणाला. ''आज नाय तर उद्या.''

नानांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून त्यांनी ह्याच ओट्यावर दिवसभर कामाला जाणाऱ्या कितीतरी बायका पाहिल्या होत्या. पोर पुढे करून, पदर सावरून, खाडीकडे न बघता त्या हेच म्हणत, येईल, आज ना उद्या. अगदी हाच चेहरा असे.

''गुणवंती,'' ते म्हणाले, ''ही मुलगी राहू दे. बाकीचीही राहू देत.''

''अहो नाना, बाप समोर उभा आहे,'' घड्याळवाले म्हणाले.

''उभा आहे, पण अजून परत आलेला नाही,'' नाना म्हणाले. ''तो परत येईपर्यंत मुलगी इथे राहील. माझे आजोबा असते तर त्यांनी नारळसुद्धा मागितला नसता. चला, पानं वाढायला घ्या.''

गुणवंती स्वयंपाकघरात गेली ती थेट पिंपामागे, आणि तिथे उभी राहून पोटभर रडली. मग तोंड धुऊन तिने सगळ्यांना पुरणपोळ्या वाढल्या. लवूला चार वाढल्या, आणि उसळपाव गमावलेल्या त्या माणसाने चारही खाल्ल्या.

बातमी लालबागेत पोचायला एक दिवस लागला. महिन्याभरात घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. गुणवंतीला दहा हवी होती, देवाने मोजताना हात सैल सोडला. कोळीवाड्यातून मोठी पातेली मागून आणावी लागली. गिरणीवाल्यांच्या पोरांना मासळीत नारळ घातलेला हवा आणि कोळ्यांच्या पोरांना तो चालेना, ह्यावरून पहिला महिना रोज लढाई होई. पुढे मावशीने दोघांनाही तिसरंच काहीतरी खायला घातलं आणि तह झाला. नव्या पोरांना पोहायला शिकवलं रघूने. उत्तम लवूला भेटेल तिथे ''गाठी किती सोडवल्या आज?'' म्हणून छेडी आणि लवू खाली मान घालून हसे. बोटीवर तो पुन्हा चढला नाही. दर रविवारी मात्र येई, कौलं चाळे, मोरी दुरुस्त करी, शांताची वेणी घालायचा प्रयत्न करी. ती वेणी मावशी नंतर सोडून पुन्हा घाली.

गिरणी उघडली नाही. कोणी किती सांगितलं तरी लवू दोन वर्षं दर सोमवारी गेटपर्यंत जाऊन येत होता. मग हळूहळू जाणं सुटलं. त्याने हातगाडी ओढली, लग्नाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, शेवटी दादरच्या एका छापखान्यात कायमची नोकरी लागली. भोईवाड्यात एक खोली मिळाली. लहानच, पण मोरी आतली.

एका रविवारी सकाळी तो आला तो धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून, आणि मोरी बघायला गेला नाही. दारातच उभा राहिला.

''मावशी,'' तो म्हणाला, ''शांताक न्हेवक इलंय.''

गुणवंती कपडे वाळत घालत होती. तिला आधी कळलंच नाही. ''कुठे नेतोस? जत्रेला?''

''घराक.''

हातातलं ओलं फडकं तसंच राहिलं. घर उघडल्यापासून इतकी पोरं आली, मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, लग्नं करून गेली. कोणाला मामाने नेलं, कोणाला काकाने. पण बाप आला, दारात उभा राहिला आणि माझं पोर द्या म्हणाला, असं ह्या घरात एकदाही झालं नव्हतं. ह्याच दारात चार वर्षांची गुणवंती रोज संध्याकाळी बसत असे आणि कोणी विचारलं तर सांगत असे, बाप बाहेर आहे. सहा वर्षांची होईपर्यंत बसली, आठ वर्षांची होईपर्यंत बसली. मग स्वयंपाकात मदत करू लागली.

आतून पोरं जमू लागली. ''शांताचा बाप न्यायला आलाय,'' एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. खलाश्यांची पोरंही आली आणि दाराशी दाटीवाटीने उभी राहून लवूकडे बघू लागली. शांता ट्रंक घेऊन बाहेर आली, लाजत, हसत.

आता रोज ही पोर दिसणार नाही, हे गुणवंतीला कळत होतं आणि काळीज तुटतही होतं. पण त्याहून मोठा आनंद तिच्या छातीत मावत नव्हता. ती पुढे गेली आणि लवूचा दंड घट्ट धरला.

''किती उशीर केलास रे,'' ती म्हणाली. ''किती वाट बघायची माणसाने.'' तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती.

लवूला वाटलं, ती त्यालाच बोलतेय.

''होय मावशी,'' तो म्हणाला, ''उशीर झालो खरो.''

''जेवल्याशिवाय जायचं नाही,'' ती म्हणाली, आणि तांदूळ काढायला आत गेली.