आवाजांची राखण

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जयपूरच्या बनी पार्कमध्ये प्रभाकाकूंच्या कॉम्प्युटरमध्ये माझे सारे आयुष्य गेले.

धुळीचा कणही शिरणार नाही अशा खोलीत मला घडवले. माझ्या पोटात आरशासारखी तबकडी बसवली. ती गरगर फिरली की हवे ते शोधून द्यायचे, हे माझे काम. ते मी जीव ओतून केले.

प्रभाकाकू मूळच्या सांगलीच्या. त्यांचे यजमान आनंदराव यांची बँकेतून इथे बदली झाली आणि दोघे इथेच रमले. इथल्या मराठी घरांतली मुले हिंदी झरझर बोलत, पण मराठी म्हटले की अडखळत. काकू त्यांना रविवारी घरी बोलावून गोष्टी वाचायला लावत आणि प्रत्येकाचे वाचन कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत. वर्षअखेरीस आपलेच जुने वाचन ऐकून मुले पोट धरून हसत. "काकू, मतलब मी असं बोलायचो?" त्या वेळी माझी छाती अभिमानाने फुगे. ते सगळे आवाज माझ्याकडेच तर होते!

पुढे मी थकले. कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ लागे की मुलांचे पोहे खाऊन होत.

"अगं, भंगारात दे हे धूड," आनंदराव म्हणत.

"अहो, माझी पोरं आहेत त्यात!" काकू ठणकावत.

शेवटी त्यांनी स्वानंदीला बोलावले. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला होती. तिने खिशात मावेल एवढी एसएसडी आणली. त्या नव्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नव्हते, म्हणून ती चपळ. स्वानंदीने आम्हा दोघींना जोडले आणि माझ्यातले सगळे तिच्यात उतरवायला घेतले.

सुरुवात झोकात झाली. मग मी एका जागी अडले. पुन्हा प्रयत्न केला, तर पोटातून कट् कट् आवाज येऊ लागला. स्वानंदीने ताबडतोब काम थांबवले.

"काकू, ही फार टिकणार नाही. बाकी सगळं नव्याने टाकता येईल. आपण फक्त रेकॉर्डिंग काढून घेऊ."

"मग आधी तुझं काढ."

"नाही. माझ्या वर्षाचं वाचन आहे तिथेच ही अडतेय. तिथे हट्ट केला तर सगळ्यांचंच जाईल. माझं शेवटी."

काकूंनी तिचा हात धरला. "स्वानंदी, बळवंतरावांचा आवाज आहे गं त्यात."

बळवंतराव म्हणजे स्वानंदीचे बाबा. ते रविवारच्या वर्गात तिच्याशेजारी बसून तिला शब्द सांगत. आता ते हयात नव्हते.

"माहितीये, काकू. तरी शेवटीच."

मित्रांनो, मी मनाशी ठरवले, या मुलीला निराश करायचे नाही. मला थोडे गार होऊ दिले आणि तिने एकेका वर्षाचे वाचन काढायला घेतले. निहार, मिहीर, अनुया... एकेक आवाज सुखरूप पलीकडे गेला. मग तिचे वर्ष आले. मी सारा जोर लावला. कट् कट् झाले, तबकडी फिरली, थबकली, पुन्हा फिरली, आणि कायमची थांबली.

हाती रेकॉर्डिंगचा एक छोटासा तुकडा लागला. स्वानंदीचे वाचन त्यात नव्हतेच. होता फक्त एका पुरुषाचा आवाज, "सावकाश वाच, बाळा. घाई नाही."

स्वानंदीने काकूंच्या खांद्यावर डोके टेकले. दोघींनी तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. आनंदरावही दारात उभे राहून ऐकत होते. मग तेच बाजारात गेले आणि आणखी एक डिस्क घेऊन आले. त्या संध्याकाळी सगळ्या आवाजांची दुसरी प्रत तयार झाली.

आता माझ्यातून एकही आवाज निघत नाही. माझे झाकण काढले आहे आणि मुले माझ्या तबकडीत तोंड बघतात. मला दुःख नाही, मी माझे काम चोख केले. फक्त एवढेच सांगते, मित्रांनो. आपल्या माणसाचा आवाज एकाच ठिकाणी ठेवू नका. जिच्याकडे ठेवाल ती कितीही विश्वासू असली, तरी ती एकदा थकणारच. ती धडधाकट आहे तोवर दुसरी प्रत करा. आजच करा.