मोलगीची कालीबाई

शरदातला सातपुडा पाहिल्याशिवाय माणसाचा जन्म पुरा होत नाही, हे वाक्य हेमराज चौधरी यांनी साहेबांच्या दौऱ्याच्या अहवालात तेवीस वर्षांत निदान चाळीस वेळा लिहिलं होतं. स्वतः त्यांनी सातपुडा पाहिला होता तो कार्यालयाच्या गच्चीवरून, तोही हवा स्वच्छ असली तर.

आज मात्र ते देवगोई घाटात होते. मुलीने, म्हणजे हेमांगीने, पुण्याला जाताना मागे ठेवलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत होती. ऑक्टोबरचं ऊन काचेतून थेट मांडीवर पडत होतं. डोंगरांवर गवत पिवळं पडलं होतं, आणि शेजारी पत्नी प्रतिभाबाई मांडीवर साडीची पिशवी घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या.

"तो धबधबा कठे शे? वळणवरच दिखस म्हनेत ना तुम्ही?"

"आटी गया व्हई."

"तुम्ही तर नवरात्रमा देखा व्हता."

"ते वरीसले पाऊस गंज, धो धो व्हता."

"दर वरीसले गंजच व्हता मंग," प्रतिभाबाई म्हणाल्या आणि पुन्हा बाहेर पाहू लागल्या.

हेमराज तालुक्याच्या एका कार्यालयात लिपिक होते. साहेबांनी दौरा करायचा आणि लिपिकाने तो लिहायचा, अशी पद्धत होती. पुढे साहेबांनी त्यातला पहिला भाग सोडून दिला. सकाळी ते सांगत, "हेमराज, आज मोलगी." की संध्याकाळपर्यंत घाटावरचं मोलगी गाव लिहून तयार. किती वाजता पोचले, कोणाला भेटले, बाजार कसा भरला होता, सगळं. साहेब बदलत गेले. मोलगी तशीच राहिली.

घरी ही गोष्ट पोचली ती अपघाताने. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि घरात दोघांत बोलायचं ते गॅस संपला, दूध फाटलं, लाइट गेली, इतकंच होतं. एका संध्याकाळी हेमराज स्टँडसमोरच्या वाचनालयात पेपर वाचत बसले आणि उशिरा घरी आले. प्रतिभाबाईंनी उशीर का म्हणून विचारलं. वाचनालय हे काही कारण वाटेना, म्हणून ते म्हणाले, "साहेबसंगे मोलगीले गयतू." तर बाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या त्यांच्याकडे तोंड करून बसल्या. म्हणाल्या, "मंग? जेवनात कठे?"

आता जेवायला कोणीतरी वाढायला हवं होतं. तेव्हा कालीबाई जन्माला आली.

कालीबाई मोलगीच्या बाजारात पत्र्याच्या पडवीत चुलीवर भगर रांधायची, सोबत गोडसर डाळ. तिची मुलगी रविना आधी रांगली, मग शाळेत गेली, मग आश्रमशाळेतून पळून आली, मग तिचं लग्न झालं. लग्नाला प्रतिभाबाईंनी स्टीलचं पातेलं पाठवलं. ते हेमराजांनी कार्यालयाच्या शिपायाला दिलं. कालीबाईसाठी दिलेल्या लोणच्याच्या बरण्या ते स्वतःच, फायलींच्या कपाटाआड, जेवणाच्या सुट्टीत संपवत. एकदा, हे सगळं फार वाढलं असं वाटून, त्यांनी कालीबाईला मारायचं ठरवलं. ताप आणला. पण प्रतिभाबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला बरं केलं.

मेअखेर ते निवृत्त झाले. दौरे संपले. घरात पुन्हा गॅस, दूध आणि लाइट उरली. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रतिभाबाई म्हणाल्या, "माले मोलगीले ली चला. कालीबाईले साडी देनी शे."

हेमराजांनी आठ दिवस विचार केला होता. उपाय सोपा होता. दसरा झाला की डोंगरातली माणसं गुजरातेत ऊसतोडीला निघतात. कालीबाई निघून गेली, एवढंच कुणाच्या तरी तोंडून वदवायचं.

मोलगीत बाजार भरला होता. जीपच्या टपावर माणसं, खाली सीताफळांच्या पाट्या, आमचुराची पोती. हेमराज प्रतिभाबाईंना चार पावलं मागे ठेवून एका किराणा दुकानात शिरले आणि हळूच विचारलं, "इथली कालीबाई गुजरातला गेली का?"

दुकानदार जालमसिंग यांना हळू बोलण्याची सवय नव्हती.

"कोणती कालीबाई? एक माझी काकी आहे. एक आमशाची बायको. वरच्या पाड्यात तीन आहेत. कोणती पाहिजे?"

"खाणावळवाली," मागून प्रतिभाबाई म्हणाल्या.

"खाणावळ बेबीबाईची आहे. पहिल्यापासून तिचीच. दुसरी नव्हती कधी."

हेमराज काट्यावरच्या गुळाच्या ढेपेकडे पाहत राहिले. प्रतिभाबाई म्हणाल्या, "चला मंग, बेबीबाईकडे बसू. भूक लागनी."

बेबीबाईने ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि हिरव्या मिरचीची चटणी वाढली. भगर नव्हती. डाळीचा पहिला तिखटजाळ घास घेतला आणि हेमराजांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"डाळ गोड नही हाई," प्रतिभाबाई म्हणाल्या.

"डाळ कुठे गोड असते, ताई?" बेबीबाई हसली. "गूळ चहात टाकतात. मोलगीला पहिल्यांदाच आले वाटतं?"

भाकरी हेमराजांच्या हातात तशीच राहिली. तेवीस वर्षांत एकाही साहेबाने, एकाही तपासणी पथकाने त्यांना हा प्रश्न विचारला नव्हता.

"मी पहिल्यांदा आली," प्रतिभाबाई म्हणाल्या. "हे लई वेळा आले. दौऱ्यावर."

"मी नाही पाहिलं कधी," बेबीबाई म्हणाली.

"गर्दीमध्ये नसेल दिसले," प्रतिभाबाई म्हणाल्या, आणि हात धुऊन त्यांनी साडी तिच्यापुढे धरली.

"ही कशाला?"

"यांना जेवू घातलं म्हणून."

"ते तर आत्ताच जेवले!" बेबीबाई म्हणाली. पण साडी चांगली होती. तिने ती घेतली.

परतीच्या घाटात गाडी उताराला लागली. मग प्रतिभाबाईच म्हणाल्या, "माले बठं, सगळंच म्हाईत शे. बारा वरीस व्हई गयात. साहेबनी बायको हळदीकुंकूले येल व्हती. म्हने, साहेबले गाडी लागस, घाट कधी चढेलच नही."

हेमराजांनी गाडी कडेला घेतली. उतारावर ते बोलणं आणि ब्रेक दोन्ही जमेना.

"मंग बोलनी काब्र नही?"

"मी बोलती तर तुम्ही सांगानं बंद करी देतात." त्यांनी पदराने मानेवरचा घाम पुसला. "रिटायर व्हयनात तवयपाईन कालीबाईनं नाव काढेल नही तुम्ही. माले वाटनं, म्हतारी मरी गई का काय. म्हनं, तुम्ही मोलगी देखशात, मंग परत सांगशात."

खाली दरीत कुणीतरी गवत कापत होतं. विळ्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"सांगा आते," प्रतिभाबाई म्हणाल्या, आणि लग्नाच्या पाचव्या वर्षी बसल्या होत्या तशा त्यांच्याकडे तोंड करून बसल्या. "बाजार कसा व्हता? काय खादं?"

हेमराजांनी घसा साफ केला. सीताफळं होती, ती तिने पाहिली होती. जीपवरची माणसं तिनेच त्यांना दाखवली होती. डाळ दोघांनी एकाच पातेल्यातली खाल्ली होती. रचायला काही उरलंच नव्हतं.

त्यांनी गाडी सुरू केली. मोलगी आता दोघांनीही पाहिलेली होती.