धाकटीचा कान

धाकटीला शाळेत सगळे ‘ढ’ म्हणायचे. घरीही वेगळं मत नव्हतं. हाक मारली तर ओ नाही, एक आणायला सांगितलं तर भलतंच घेऊन यायची. आई दिवसभर लाँड्रीत चादरींना इस्त्री करून यायची. रागवायचंही त्राण तिच्यात उरायचं नाही. "असू दे, एकीला तरी डोकं आहे," एवढं म्हणून ती पाय पसरून भिंतीला टेकायची.

डोकं असलेली ती थोरली, तेव्हा बारावीला होती. एका संध्याकाळी ती भांडी घासता घासता मागे बसलेल्या धाकटीला पाढे विचारत होती. उत्तर येईना. वैतागून ती वळली, धाकटीचं तोंड धरून आपल्याकडे केलं आणि तेच पुन्हा विचारलं. धाकटीने धडाधड उत्तर दिलं. थोरलीला काहीतरी खटकलं. तिने ओल्या हाताने आपलं तोंड झाकलं आणि पुढचं विचारलं. धाकटी नुसतीच केविलवाणी हसली.

"आई, ही ढ नाहीये गं. हिला ऐकू येत नाहीये."

मग सरकारी दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. कधी कानाचे डॉक्टर रजेवर, कधी तपासणीचं मशीन बंद, कधी मशीन चालू तर ते चालवणारं कुणी नाही. आईला सुट्टी मिळेना, म्हणून थोरलीच कॉलेज बुडवून जायची. बाकड्यावर बसून दोघींची कंबर मोडायची. अखेर डॉक्टर भेटले. माणूस चांगला होता, पण दारातली गर्दी बघून त्यांचाही चेहरा उतरलेला.

"कान कधीपासून वाहतोय?"

"अगदी लहान होती तेव्हापासून. अधूनमधून."

"तेव्हाच आणायचं ना. उजवा गेल्यातच जमा आहे. डावा वाचवू या."

दुसऱ्या दिवशी थोरली शाळेत गेली. "बाई, हिला पुढच्या बाकावर बसवाल?"

बाईंचा आवाज पार बसला होता. "मुद्दाम नाही गं मागे बसवलं. दंगा करणाऱ्यांना पुढे घ्यावं लागतं. ही बिचारी गप्प असते, म्हणून मागे." असं म्हणून त्यांनी लगेच एका दंगेखोराला उठवलं.

बारावीनंतर थोरलीने श्रवणतपासणीचं शिक्षण घ्यायचं ठरवलं. हाच विषय का, असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा तिने धाकटीची गोष्ट सांगितली. प्रवेश मिळाला. मग कॉलेजच्या कार्यक्रमातही तीच गोष्ट सांगायला लावली. त्या दिवशी धाकटी कानात यंत्र घालून पहिल्याच रांगेत बसली होती. 

"सगळ्यांसमोर मीच का बिचारी?" घरी येऊन दार लावताच ती कडाडली. "परत माझं नाव काढलंस तर बघ!"

थोरली तिच्यासमोर येऊन बसली. "तुझी दया आली म्हणून नाही गं घेतला हा विषय. त्या बाकड्यावर बसून चीड आली होती. मशीन आहे, पण माणूस नाही, हे ऐकून ऐकून कंटाळले होते."

"मग तेच सांग ना!"

त्यानंतर थोरली तेच सांगायला लागली. आता ऐकणाऱ्यांचे डोळे काही पाणावत नाहीत.

शेवटच्या वर्षी तिने सरावासाठी तोच दवाखाना मागून घेतला. तिथे जायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. आता मशीन रोज चालतं. पण रांग काही कमी झाली नाही. चालतंय हे कळल्यावर उलट वाढलीच. दुपारपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागतं. मग ती हेडफोन टेबलावर ठेवते, घोटभर पाणी पिते आणि पुढच्या मुलाला आत घ्यायला सांगते.