चरबीझड चूर्ण आणि माझी जाऊ

सानगडीच्या तलावाच्या पाळीवर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका तलावात बुडी मारून ओलेत्यानेच रांगेत उभ्या राहत होत्या. रांगेच्या तोंडाशी यादोरावांच्या राईस मिलमधला वजनकाटा मांडला होता. एरवी त्याच्यावर धानाची पोती चढत, आज बायका चढत होत्या. शेजारी भगव्या छत्रीखाली तेजनाथ महाराज बसले होते. त्यांचं स्वतःचं पोट मांडीवर येऊन टेकलं होतं, पण ते कुणाला दिसत नव्हतं.

‘‘माई, चरबी म्हणजे क्या? मागल्या जन्मीचं पाप! चरबीझड चूर्ण घ्या, पंधरा दिन में पाप का पाणी होऊन जाईल. अन् मी नाही सांगत, काटा सांगते. काटा किसी का सगा नहीं.’’

विधी असा होता. संकल्पाच्या दिवशी तलावात बुडी, मग तीन लोटे तीर्थ प्यायचं आणि ओलेत्यानेच काट्यावर चढायचं. पंधरा दिवस चूर्ण घ्यायचं, भात बंद, संध्याकाळी नुसतं ताक. उद्यापनाच्या दिवशी निर्जळी उपास करून, कोरडं लुगडं नेसून पुन्हा काट्यावर. त्या दिवशी पाण्याला शिवायचं नाही, चूर्णाची उष्णता विझते म्हणे.

‘‘छप्पन!’’ यादोराव ओरडले. ‘‘संकल्पाले बासष्ट होती!’’

काट्यावर बेबी होती, माझी धाकटी जाऊ. कडेवर चार महिन्यांची पोर घेऊन मी खाली उभी होते, आणि ती पोरही तिचीच. बायांनी टाळ्या वाजवल्या. माझे मालक सेवकराम, जे माझ्याकडे कधी धड पाहत नाहीत, ते म्हणाले, ‘‘पाह्य ना, बेबी कशी हलकी झाली. तू बी घे ना व संकल्प.’’

माझ्या अंगाची आग झाली. मी बेबीवर जळत होते, सरळ सांगते. लग्न होऊन आली त्या दिवसापासून घरात तिचंच कौतुक चाललं होतं. तिचे केस, तिचा रंग, आणि आता तिचं वजनही. पोर तिच्या हातात दिली, तलावात बुडी मारली, तीर्थ प्याले आणि ओलेत्याने काट्यावर चढले. सत्तर किलो.

घरी जाऊन पुडी सोडली तर वास ओळखीचा आला. सासूबाई पोट साफ करायला देत ती सोनामुखी, वरून गुलाबाच्या पाकळ्या कुस्करलेल्या. पहिल्याच दिवशी तांब्या घेऊन माझ्या एवढ्या फेऱ्या झाल्या की रात्री उठायचं त्राण उरलं नाही. बाकीच्या पुड्या मी उकिरड्यावर फेकल्या आणि झिंग्याच्या भाजीसोबत पोटभर भात खाल्ला. बेबीला मात्र हे कळू दिलं नाही. तिच्यासमोर ताकाचा पेला घेऊन बसायची आणि ती आत गेली की चुलीपाशी जेवायची.

बेबीने लगेच दुसरा संकल्प घेतला होता, आणि पुन्हा बुडी न मारता तिचे तेच कोरडे छप्पन किलो धरले होते. तिच्या गालांची हाडं वर आली. पोर दिवसभर किरकिर करू लागली.

‘‘दूध येऊनच नाही राहिलं, मोठ्याबाई,’’ एका दुपारी ती म्हणाली.

‘‘मंग भात खा ना व. पाजणारी बाई तू.’’

‘‘अन् तुमी पुढं जाल. मले माहीत नाही का?’’

पुढं जायचंच होतं मला.

उद्यापनाला मी कोरडं लुगडं नेसून, दिवसभर पाण्याचा थेंब न घेता काट्यावर उभी राहिले. वजन कमी झालेलं नसणार आणि गावासमोर माझी फजिती होणार, हे मला माहीत होतं.

‘‘सहासष्ट!’’ यादोराव ओरडले. ‘‘चार किलो उतरली!’’

बेबीचे या खेपेला तीनच किलो उतरले होते. तिचं तोंड उतरलं. खोटं कशाला सांगू, मला फार गोड वाटलं. तेवढ्यात ती महाराजांपुढे गेली आणि म्हणाली, ‘‘मले दुप्पट पुड्या द्या, महाराज.’’ तिच्या खांद्यावर पोर रडत होती, आणि रडताना तिचा आवाजही निघत नव्हता.

माझा आनंद तिथेच संपला. मी तर भात खाल्ला होता. पुड्या उकिरड्यावर पडल्या होत्या. मग माझे चार किलो गेले कुठे? समोर संकल्पाच्या बायांची रांग होती. लुगड्यांतून पाणी गळून काट्याखाली चिखल झाला होता. नऊवारी लुगडं धुऊन तलावातून ओढताना खांदे निखळतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी आम्ही ते अंगावर घेऊन काट्यावर चढत होतो.

मी कुणाशी न बोलता पायऱ्या उतरले. बुडी मारली, तीन लोटे पाणी प्याले आणि निथळत येऊन काट्यावर चढले.

यादोरावांनी वजनं दोनदा सरकवून पाहिली. ‘‘सत्तर,’’ ते हळूच म्हणाले.

‘‘पाप परत आलं, महाराज,’’ मी म्हटलं.

‘‘माई, तुझी श्रद्धा कम पडली.’’

‘‘श्रद्धा कमी होती तं मघाशी चार किलो कसे उतरले? पुड्या उकिरड्यावर हायेत, जाऊन पाहा.’’

यादोरावांनी कपाळावर हात मारला. ‘‘ओल्या धानाचं पोतं भारी भरते म्हणून मी कास्तकारायची तूट कापतो, अन् माह्याच काट्यावर मले हे दिसलं नाही.’’

बाया एकमेकींची लुगडी पिळू लागल्या, हसू लागल्या, मग चिडल्या. तेवढ्यात महाराजांनी छत्री मिटली आणि साकोलीची मोटार गाठली.

घरी बेबी रागाने फणफणत होती. ‘‘पण मी खरंच बारीक झाली. माहा पोलका ढिला झाला.’’

‘‘झाली ना. भात सोडला, उपाशी राहिली, म्हणून झाली. त्यात सोनामुखीचं काय? तिनं फक्त पोट धुतलं अन् अंगातलं पाणी काढलं. तुह्यं दूधही गेलं.’’

‘‘तुमाले माह्यं चांगलं झालेलं पाहवत नाही.’’

‘‘नाही पाहवत,’’ मी म्हटलं. ‘‘पण ह्या पोरीचं रडणं त्याहून पाहवत नाही. जेव.’’

मी तिच्या ताटात भात वाढला. पहिले घास तिने रागाने खाल्ले, मग स्वतःच आणखी मागितला. पोर त्या आठवड्यात पुन्हा पोटभर प्यायला लागली.

बायांनो, अंग उतरवायचं असेल तर ताटातला भात थोडा कमी करा, शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने चाला आणि शंका असेल तर दवाखान्यात विचारा. पुडीने चरबी झडते असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, पुडी न घेता तेवढंच पथ्य पाळलं तर काय होईल? वजन करायचं तर दोन्ही वेळा सारख्याच कपड्यात आणि सारख्याच पोटी करा. आणि अंगावर पिणारं लेकरू असेल तर उपाशी राहण्यात कुणाशी चढाओढ करू नका. जावेशी तर मुळीच नको.