फोन कोणी उचलला?

"वरणावर साय धरली, पण याह्यचं भाषण काई सरत नाई," मागच्या रांगेत कोणीतरी बाई पुटपुटली, आणि हसू दाबायला डॉ. मैत्रीला सत्काराच्या शालीचं टोक तोंडावर धरावं लागलं. भाषण तिच्या वडिलांचंच होतं.

भगवंतराव मास्तर भीमपूरजवळच्या आपल्या गावच्या विहारात चाळीस मिनिटांपासून समतेवर बोलत होते. मधूनच लेकीवर येत. हैदराबादेत सर्जन, कॅन्सरवर पंधरा वर्षं संशोधन, आता दिल्लीचा पुरस्कार. कॅन्सर नेमका कुठला, हे सांगताना मात्र "पोटाच्या खालच्या भागाचा" एवढ्यावर भागवत. भर सभेत गुदाशय म्हणायला मास्तरांची जीभ रेटत नव्हती.

मैत्रीच्या संशोधनाचा प्रश्न साधा होता. गाठ काढली की माणूस वाचतो. पण पोटाला मळाची पिशवी लावून घरी गेलेला माणूस, घरात पुन्हा माणसासारखा राहतो का? दोनशे बारा रुग्णांना सहा महिन्यांनी दवाखान्यातून फोन गेले. सगळ्यांबरोबर जेवता का? लग्नकार्यांना जाता का? बहुतेकांकडून 'हो' आलं. त्या 'हो'वर शोधनिबंध छापून आला, आणि निबंधावर ही शाल.

त्या दोनशे बारांत सोनाकाकी होती. सख्खी काकी, ऑपरेशन मैत्रीनंच केलेलं. पिशवी तात्पुरती होती, चार महिन्यांत काढायची. दीड वर्ष झालं. दर वेळी घरून निरोप एकच: काकी घाबरते, नाही म्हणते.

आज ती सभेतही नव्हती.

"काकी कुठं हाय रे?" पंगतीत तिनं काकीच्या मुलाला, अमरदीपला विचारलं.

"तिले गर्दी सहन नाई होत," तो म्हणाला. तहसिलीच्या मंडल ऑफिसातला कारकून, उत्तर तयारच.

"झोपल्या असतीन," त्याची बायको रुपा म्हणाली. मास्तरांनी लेकीच्या पानात न मागता बुंदी वाढली. तिघांपैकी कोणी तिच्याकडे बघेना. मैत्री पान तसंच टाकून उठली.

काकी विहारालगतच्या त्यांच्या एकत्र घरात नव्हती. मागच्या अंगणात, कापूस ठेवायच्या टिनाच्या खोलीत होती. एक बाज, एक ताट, एक बादली. पिशवीची निगा मात्र अशी नेटकी, की मैत्रीच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी येऊन शिकावी.

"अवो बाई, तू काऊन उठून आली? शाल तं पाहू दे," काकी म्हणाली. पण शालीला हात लावला नाही.

"तू इथं कवापासून?"

"दवाखान्यातून आली तवापासून. हवा चांगली येते."

"टिनाखाली? मे महिन्यात?"

काकीनं ताट बाजेखाली सरकवलं.

"पिशवी काढाले काऊन नाई आली मंग? भेव वाटते?"

"भेव कायचं? मी तं गाठोडं बांधून बसली होती. अमर म्हने, बसमधी सहा घंटे, वास सुटला तं लोकं काय म्हनतीन? मंग पाहू, मंग पाहू, असं करता करता..."

"आमचा फोन आला तवा सांगायचं ना!"

"कोनता फोन?"

उत्तर काय आलं ते मैत्रीनं दोनशे बारा वेळा लिहिलं होतं. फोन कोणी उचलला, याचा रकानाच तिच्या फॉर्मात नव्हता. आतड्याचा टाका मिलिमीटरनं मोजणारी बाई, आणि एवढं सुचू नये?

अमरदीप मागोमाग आला होता. पाठोपाठ रुपा आणि मास्तर.

"सगळ्यांसोबत जेवते, हो. लग्नाला जाते, हो. कोन्या लग्नाला नेलं रे तिले? सांग!" मैत्री ओरडली.

"ताई, हळू. लोकं जेऊन राह्यले."

"जेवू दे! आयकू दे!"

"मंग काय सांगू तुह्या सिस्टरले? घरची गोष्ट फोनवर?" तोही तापला. "तिलेच बरं वाटते इकडं."

"तुमी ऑपरेशन करून मोकळ्या झाल्या, ताई," रुपा म्हणाली. "दीड वर्सात एक डाव तरी आल्या का पाहाले?"

ते मैत्रीला लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

"पोरी, राग आवर," मास्तर म्हणाले. सभेतला हार अजून गळ्यात होता. "आरोग्याचा प्रश्न होता. घरात लहान लेकरं. स्वच्छतेच्या दृष्टीनं..."

"त्या पिशवीनं काही पसरत नाही, बाबा! हे तुम्हाला मी स्वतः सांगितलंय. उद्या सकाळी तिला माझ्या गाडीतून नेते. आणि तो निबंध मागं घेते."

"निबंध? अन् पुरस्काराचं काय?" मास्तरांनी विचारलं.

तेवढ्यात काकी बाजेवरून उठली.

"भाऊजी, आरोग्य नोका म्हनू," ती मास्तरांना म्हणाली. आवाज बारीक, पण कापत नव्हता. "दीड वर्सापासून सून मले वरून वाढते. ताटाले हात लागू देत नाई. माह्या मायले पाटलाच्या घरी असंच वाढत, म्या माह्या डोयानं पायलं. त्याले विटाळ म्हनते. आपन जयभीमवाले, भाऊजी, अन् तुमी मले घरातल्या घरात अस्पृश्य केलं."